कुऱ्हाड कुणाच्या घरात नसते?

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी कापसाचं गाठोडं सोडून नुकतीच टेकली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे ठेवा.

आजचा विषय मला एका बाईने दिला. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, बाया उठून गेल्या. ही एकटी मागे राहिली. म्हणाली, "ताई, तो रोज रातले खाटखाले कुऱ्हाड ठेवस." तो म्हणजे नवरा. पिऊन येतो, जेवायला बसतो, भाजीवरून काही बोलतो, आणि मग कुऱ्हाड उचलून खाटेखाली सरकवतो. मारत नाही. नुसती ठेवतो, तिला दिसेल अशी. तीन महिने ती बाई डोळ्याला डोळा न लावता झोपत होती.

ती पोलिसांकडे गेली होती. तिथे तिला विचारलं, मारलं का? नाही. रक्त आलं का? नाही. मग कुऱ्हाड तर शेतकऱ्याच्या घरात असतेच, बाई, ती ठेवली म्हणून आम्ही गुन्हा कोणता लावायचा? मारलं तर या.

मारलं तर या. मला त्या माणसाचा राग आला, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन कायद्याचं पुस्तक उघडलं तेव्हा कळलं, की त्याच्या बोलण्यात उद्धटपणा होता, पण कायद्यात एक भोकही आहे आणि तो त्या भोकातून बोलत होता. हे भोक कुठे आहे आणि आपण बायांनी ते कशाने बुजवायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

आपल्या देशात हत्यारांचा कायदा आहे, १९५९ सालचा. त्याला शस्त्र अधिनियम म्हणतात, पोलीस ठाण्यात 'आर्म्स ॲक्ट' हा शब्द तुमच्या कानावर पडला असेल. बंदूक, पिस्तूल तर त्यात आहेच. पण २०१६ च्या नियमांत धारदार हत्यारांचीही यादी दिली आहे: तलवार, गुप्ती, खंजीर, भाला, लढाईची कुऱ्हाड, आणि ज्यांचं पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे असे सुरे वगैरे. आता तुम्ही म्हणाल, आमच्या विळ्याचं पातं तर याच्यापेक्षा मोठं असतं. बरोबर. म्हणून तिथेच पुढे लिहिलंय की घरकामासाठी, शेतीसाठी, कारखान्यासाठी बनवलेली अवजारं यात धरायची नाहीत. मूळ कायद्यातही शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू वगळल्या आहेत, आणि उदाहरण दिलंय लाठीचं आणि साध्या काठीचं.

म्हणजे कायदा काय विचारतो? ही वस्तू कशासाठी बनवली? ती कुणाच्या हातात आहे, किती वाजता आहे, समोर कोण उभं आहे, हे तो विचारत नाही.

याची गंमत बघा. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या धुळे जिल्ह्यात सोनगीरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर पोलिसांनी एक गाडी अडवली. आत ८९ तलवारी आणि एक खंजीर निघाला. राजस्थानातून जालन्याकडे चालला होता तो माल. चौघांना अटक झाली. बरोबरच झालं, ८९ तलवारींनी कुणी भाजी चिरणार नव्हतं. पण त्याच गाडीत ८९ कोयते असते तर? गाडीवाला म्हणाला असता, साहेब, ऊसतोडीला चाललेत. आणि ते खरंही असू शकतं. लोहाराच्या भट्टीत लोखंड तेच, लांबी तीच. सरळ ठोकलं तर शस्त्र, वाकवून लाकडाची मूठ बसवली तर अवजार.

पुण्यात हाच घोळ मोठा झाला. तिथे पोरांच्या टोळ्या कोयते घेऊन गल्लीत दहशत घालायला लागल्या, त्यांचं नावच 'कोयता गँग' पडलं. २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं, कोयता विकताना घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा आणि नोंद ठेवा.

मला विचाराल तर, कोयत्याला परवाना लावा अशी मागणी आपण चुकूनही करू नये. केळीच्या बागेत घड उतरवणाऱ्या मजुराला, जळण तोडायला जाणाऱ्या बाईला तहसीलच्या रांगेत उभं करणारा कायदा आपल्यालाच नडेल. रांगेत शेवटी बाईच उभी राहते. शेतीची अवजारं वगळली हे बरोबरच आहे. अडचण वेगळी आहे. वगळलेली वस्तू घरात धाक घालायला वापरली, तर तिला पकडायचं कशात?

रस्त्यावर पकडायची सोय आहे. सणावारी, निवडणुकीत तुम्ही ऐकता ना, जिल्ह्यात जमावबंदी, शस्त्रबंदी लागू. तो महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाचा आदेश असतो. त्यात तलवार, सुरा, काठी, आणि मारहाणीला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू येते. पण तो साधारण पंधरा दिवसांचा असतो, आणि सार्वजनिक जागेपुरता. इंग्लंडमध्ये १९५३ पासून एक कायदा आहे, तो आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे जातो. वस्तू कशासाठी बनवली याच्याबरोबर माणसाने ती कशासाठी जवळ बाळगली हेही बघतो. भाजीचा चाकूसुद्धा कुणाला इजा करायच्या इराद्याने घेऊन फिरलात तर ते शस्त्र. पण तोही सार्वजनिक जागेचाच कायदा. घराच्या उंबऱ्यापाशी दोघेही थांबतात. आणि आपल्या त्या बाईची कुऱ्हाड तर उंबऱ्याच्या आत, खाटेखाली.

आता नीट ऐका, कारण इथून कामाच्या गोष्टी सुरू होतात. जवळ कुणी शिकलेली पोरगी असेल तर तिला वहीत लिहायला सांगा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. नवऱ्याने हाताने मारलं, थापड दिली, तर ११५ वं कलम लागतं. त्यात बहुतेक वेळा पोलीस एनसी घेतात. एनसी म्हणजे अदखलपात्र, वहीत नोंद होते, एक कागद हातात मिळतो, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. पण तीच मारहाण कापणाऱ्या, भोसकणाऱ्या वस्तूने झाली, किंवा जीव जाऊ शकेल अशा कोणत्याही वस्तूने झाली, तर ११८ वं कलम लागतं आणि तो दखलपात्र गुन्हा होतो. त्याची एफआयआर नोंदवावी लागते. या ११८ मध्ये शस्त्राची यादी नाही. विळा येतो, पहार येते, वखराची पास येते. पेटतं लाकूड येतं. अंगावर फेकलेलं उकळतं पाणी, कढईतलं तेल हेसुद्धा येतं, कारण तापलेली वस्तू असा शब्दच तिथे आहे. गंभीर दुखापत असेल तर शिक्षा कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

म्हणून तक्रार सांगताना वस्तूचं नाव सांगा. आपल्या बाया काय म्हणतात? "मारलं हो खूप." कशाने, ते सांगत नाहीत, लाज वाटते. मग लिहिणारा लिहितो, 'हाताबुक्क्याने मारहाण केली'. संपलं, झाली एनसी. पहारीने मारलं तर पहार म्हणा. कुऱ्हाडीचा दांडा की पातं, तेही सांगा. कुठे लागलं ते दाखवा. लिहिलेलं वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा, मगच अंगठा किंवा सही. आणि ती वस्तू धुऊ नका. आपल्याला सवय असते, रक्त दिसलं की पाणी ओतायचं. तो पुरावा असतो.

आता आपल्या बाईकडे परत येऊ. तिला तर मारलेलं नाही. धमकीचं कलम आहे, ३५१ वं. जिवे मारण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली आहे. पण गंमत अशी, की तेही अदखलपात्रात मोडतं. सात वर्षांची शिक्षा आणि पोलीस आपणहून तपास करू शकत नाहीत! हेच ते भोक. रक्त यायच्या आधी कायद्याचा हात आखडतो.

पण ती बायको आहे, म्हणून तिला आणखी दोन दारं उघडी आहेत. एक ८५ वं कलम. जुनं ४९८ अ म्हणायचे ते. त्यातल्या छळात शरीराला, जिवाला, मनाच्या आरोग्याला धोका होईल असं वागणं येतं, नुसतं हुंड्याचं नाही. स्वतः तिने किंवा तिच्या माहेरच्यांनी तक्रार दिली की ते दखलपात्र होतं.

दुसरं दार मला जास्त आवडतं, कारण त्यात नवऱ्याला तुरुंगात घालायची घाई नसते. बऱ्याच बायांना ते नकोच असतं. तो शेतावर जायला हवा, फक्त कुऱ्हाड खाटेखालून निघायला हवी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. त्यात मारहाणीची नुसती धमकीसुद्धा हिंसाच धरली आहे. तुमच्या तालुक्याला महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी असतात. त्यांच्याकडे तोंडी सांगितलं तरी ते घरगुती घटनेचा अहवाल लिहून देतात, तुमच्याशी बोलून तुमच्या सुरक्षेचा आराखडा करतात आणि न्यायालयात अर्ज करायला मदत करतात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. नेहमी लागत नाही, पण तसं लिहिलेलं आहे, त्यामुळे विचारायचा हक्क आपला. तातडी असेल तर समोरच्याचं ऐकण्याआधीही न्यायाधीश अंतरिम आदेश देऊ शकतात.

आणि या कायद्याच्या २००६ च्या नियमांत, दहाव्या नियमात, एक ओळ आहे जी वकिलांच्याही पटकन लक्षात येत नाही. न्यायाधीशांनी लेखी सांगितलं तर संरक्षण अधिकाऱ्याने, लागेल तर पोलिसांची मदत घेऊन, हिंसाचारात वापरलेलं कोणतंही हत्यार जप्त करायचं. कोणतंही. इथे पात्याची लांबी नाही, शेतीचं की लढाईचं हा प्रश्न नाही. जे घरात धाक घालायला वापरलं ते हत्यार. शस्त्र कायद्याने जी वस्तू दारातून सोडून दिली, ती इथे पकडता येते.

फक्त एक अट. न्यायाधीशांनी लेखी सांगितलं तर. आणि न्यायाधीश कधी सांगतील? आपण मागितलं तर. म्हणून अर्ज लिहून घेताना पोटगी, राहायची जागा, मुलांचा ताबा यांच्याबरोबर वेगळी ओळ घालायला लावा: 'धमकावण्यासाठी वापरलेली कुऱ्हाड जप्त करण्याचे निर्देश द्यावेत.' वस्तूचं वर्णन द्या, दांडा केवढा, घरात कुठे असते. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

धमकी देणारा नवरा नसून शेजारी असेल, बांधाचं भांडण असेल, तर हा कायदा चालत नाही. तिथे तहसीलदारांकडून शांतता राखण्याचं बंधपत्र घेता येतं. चॅप्टर केस म्हणतात लोक. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १२६ वं कलम. एनसीचा कागद फेकून देऊ नका, दोनतीन झाले की तेच बंधपत्रासाठी उपयोगी पडतात.

आता पोरांचं. हे आया म्हणून ऐका.

चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यात, हद्दीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे. तिथल्या भट्ट्यांत गावठी कट्टे बनतात हे जळगाव जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर पार पुण्याहून पोलिसांचा मोठा ताफा तिथे छापा घालायला गेला, कारण पुण्यात सापडणाऱ्या कट्ट्यांचा माग तिथवर पोचत होता. गावातल्या सगळ्यांना एका मापाने मोजू नका, लोखंडाचा हुन्नर पिढ्यान् पिढ्या हातात असलेली माणसं आहेत ती, आणि प्रत्येक हात कट्टाच घडवतो असं नाही.

कट्ट्याच्या बाबतीत कायद्यात फट नाही. घरी बनवला काय, कारखान्यात बनवला काय, बंदूक ती बंदूक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. जवळ बाळगणाऱ्याला दोन ते पाच वर्षं. लग्नात आनंदाने हवेत गोळी झाडणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत. फट आहे ती राज्यांच्या हद्दीत. भट्टी एका राज्यात, गिऱ्हाईक दुसऱ्यात, आणि एका राज्याच्या पोलिसांना दुसऱ्या राज्यात जायचं तर निरोप, परवानगी, सोबत हे सगळं आलं. तोवर भट्टी थंड होते.

पण आपल्या घरात काय होतं? पोरगा अठरा-वीस वर्षांचा. मित्राने दिलेली वस्तू कापडात गुंडाळून आणतो. "आई, ही पिशवी कोठीत ठेव, उघडू नको." आई ठेवते. काही आया उघडून बघतात, घाबरतात, आणि पुन्हा तशीच बांधून धान्यात पुरतात. बायांनो, ताबा म्हणजे वस्तू हातातच असायला हवी असं नाही. तुम्हाला माहीत आहे आणि ती तुमच्या कोठीत आहे, एवढं पुरेसं होऊ शकतं. माहीत नव्हतं हा बचाव आहे, पण माहीत असून पुरली हा नाही. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा आणि मोबाईलवर टाकायचं, हेही पोरांना खेळ वाटतं. पोलीस तोच व्हिडिओ पुरावा म्हणून दाखवतात.

असं काही सापडलं तर नदीत टाकू नका, शेजारणीकडे देऊ नका. आधी वकिलाशी बोला. आपल्याला वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला मोफत वकील द्यायचाच आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. फोन १५१००.

शेवटची वस्तू, बाटलीतली. संडास धुवायचं ॲसिड. याला भट्टी लागत नाही, धार लागत नाही. मे २०१३ मध्ये मुंबईच्या वांद्रे टर्मिनसवर नोकरीला रुजू व्हायला आलेल्या एका तरुण परिचारिकेच्या तोंडावर ॲसिड फेकलं गेलं, आणि महिन्याभरात ती गेली. त्याच वर्षी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी नावाच्या मुलीच्या याचिकेवर आदेश दिला. दुकानदाराने ॲसिड विकताना रजिस्टर ठेवायचं, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, कशाला हवं ते लिहायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड. ॲसिड फेकणाऱ्याला आता १२४ व्या कलमाने कमीत कमी दहा वर्षं, आणि फेकायचा नुसता प्रयत्न केला तरी पाच वर्षं.

पण तुम्ही शेवटची बाटली घेतली तेव्हा कुणी तुमचं नाव लिहून घेतलं? मी गटांत विचारते, बाया हसतात. आदेश आहे, आणि बाटली हातगाडीवर आहे. इथे मात्र गट काही करू शकतो. गावातल्या दुकानदाराला रजिस्टर दाखव म्हणा. नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या आणि ठरावाची प्रत प्रांताधिकाऱ्यांना पाठवा, कारण ॲसिडच्या साठ्याची माहिती दुकानदाराने त्यांनाच द्यायची असते.

आणि देव न करो, पण कुणाच्या अंगावर पडलंच, तर भरपूर साधं पाणी ओतत राहायचं, हळद नाही, तेल नाही, टूथपेस्ट नाही. मग जवळचा दवाखाना, सरकारी असो की खासगी. ॲसिडच्या जखमीवर लगेच मोफत उपचार करणं प्रत्येक दवाखान्याला बंधनकारक आहे. नाही म्हटलं तर तोच गुन्हा.

फोन पुन्हा सांगते. पोलीस ११२. महिलांची मदत वाहिनी १८१. मोफत वकील १५१००. चुलीमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, मोबाईलमध्ये नाही, मोबाईल कोण हिसकावतं ते तुम्हाला माहीत आहे.

त्या बाईचं काय झालं विचाराल. अर्जात ती ओळ घातली. दोन तारखा गेल्या, तिसऱ्या तारखेला लेखी आदेश झाला, आणि संरक्षण अधिकारी बाई एका हवालदाराला घेऊन घरी गेल्या. कुऱ्हाड पोत्यात घालून, पंचनामा करून नेली. नवरा ओट्यावर बसून बघत होता. पिणं सुटलेलं नाही. मध्यंतरी ती बैठकीला आली तेव्हा विचारलं, झोप येते का? म्हणाली, येते. फक्त सरपण फोडायला कुऱ्हाड शेजारून मागून आणावी लागते, आणि संध्याकाळी आठवणीने परत करते.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला संरक्षण अधिकाऱ्यांशी गप्पा आहेत. प्रश्न चिठ्ठीवर लिहून गटाच्या सचिवाकडे द्या. नाव लिहायची गरज नाही.